झाडीपट्टींतील एक पुतळी आणि ऑग्सबर्गचा नाणेकायदा

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांतील एका जुन्या मालगुजार घराण्याची दागिन्यांची पेटी कांहीं महिन्यांपूर्वीं आमच्या देखत उघडण्यांत आली. निमित्त विद्येचें नव्हतें, वांटणीचें होतें. तिघां भावांची शेतजमीन वांटून झाली होती. आजीची अठरा पुतळ्यांची माळ तेवढी शिल्लक होती. अठराचे तीन सारखे वांटे होतात. पण त्यांतील एक पुतळी इतर सतरांसारखी दिसत नव्हती, आणि ती हिणकस असावी असा धाकट्यास संशय होता. "गुरुजी, ही खोटी तर नाहीं ना, एवढेंच सांगा. मग सगळ्याच आटवून टाकतों," असें थोरल्यानें आम्हांस सांगितलें. सोनार दुसऱ्या दिवशीं यावयाचा होता.

ती पुतळी हातीं घेतांच आम्हांस जें वाटलें तें आनंदापेक्षां लज्जेच्या अधिक जवळचें होतें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, आम्ही शाळेवर असतां, दुसऱ्या एका गांवच्या गृहस्थांनीं अशीच एक वेगळी पुतळी आमच्याकडे आणिली होती. एका बाजूस उभा पुरुष, त्याच्या हातीं बाणांची जुडी. दुसऱ्या बाजूस चौकटींत कांहीं अक्षरें. बाण दिसले म्हणून आम्हीं राम म्हटलें, चौकट दिसली म्हणून यंत्र म्हटलें, आणि ही रामटंका आहे, देवस्थानांतून आणिलेला टांक आहे, सोन्यापलीकडे हिला मोल नाहीं, असा निर्णय दिला. संस्कृत शिकलेल्या मास्तराचा निर्णय म्हणून तो मानला गेला आणि ती पुतळी मुशींत गेली. आमच्या वहींत पेन्सिलीनें काढलेलें तिचें चित्र मात्र राहिलें. त्यांत आम्हीं अक्षरें आंकडे समजून उतरून घेतलीं आहेत. आतां ही दुसरी पुतळी पाहून त्या चित्राचा उलगडा झाला. तो राम नव्हता. तें हॉलंडचें डुकाट होतें, आणि चौकटींतील अक्षरांत जर्मनींत इ. स. १५५९ सालीं झालेल्या एका कायद्याचा उल्लेख होता. ल्यूथरच्या धर्मसुधारणेनें जर्मन राज्यांचें जें शतक ढवळून काढिलें त्या शतकांतील सोन्याच्या नाण्यांची हकीकत झाडीपट्टींतील एका माळेपर्यंत कशी येऊन पोंचली, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम त्या सतरांविषयीं. त्या सर्व एकाच छापाच्या होत्या. एका बाजूस दोन आकृती, एक उभी व एक गुडघे टेंकलेली, मध्यें ध्वजाचा दांडा; दुसऱ्या बाजूस लंबवर्तुळांत उभी एकच आकृति व तिच्या भोंवतीं तारे. हें व्हेनिस शहराचें डुकाट होय. गुडघे टेंकलेला तो त्या प्रजासत्ताकाचा निवडलेला अधिपति, ज्यास डोजे म्हणत. त्याच्या हातीं ध्वज देणारा तो संत मार्क. ताऱ्यांमधील मूर्ति ख्रिस्ताची. हें नाणें पाडण्याचा ठराव इ. स. १२८४ त झाला, आणि इ. स. १७९७ त नेपोलियनच्या हातून तें राज्य बुडेपर्यंत पांचशें वर्षांवर त्याचें चित्र, वजन आणि कस हीं तिन्ही जवळजवळ जशींच्या तशीं राहिलीं. कांठावरील लॅटिन वाक्याचा भावार्थ असा कीं, हे ख्रिस्ता, ज्या डचीवर तूं राज्य करितोस ती ही तुला अर्पण असो. त्या वाक्याचा शेवटचा शब्द 'डुकाटुस', आणि त्यावरूनच नाण्याचें नांव रूढ झालें असें पुष्कळ मानतात. वजन सुमारें साडेतीन ग्रॅम, म्हणजे आपल्या सोनाराच्या कांट्यावर तीन मासे पांच गुंजा. आणि सोनें इतकें चोख कीं त्यांत हीण शंभरांत अर्ध्या भागाहूनहि कमी. बावनकशी ह्या शब्दास शोभेल असेंच तें होतें.

आपल्या लोकांनीं त्यावरील आकृती पाहून नाण्यास पुतळी म्हटलें. तामिळ देशांत ध्वजाचा दांडा ताडाचें झाड ठरला, डोजे ताडी काढणारा शाणार ठरला, आणि नाण्यास शाणार-काशु असें नांव पडलें. आपलें नांव अधिक सोज्ज्वळ आहे, पण अज्ञान दोहोंकडे सारखेंच. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या खजिन्यांतील नाण्यांची जी यादी आहे, तींत होनांच्या अनेक जातींबरोबर पुतळीहि येते. तेव्हां जुन्या यादींत 'पुतळ्या' हा शब्द आला म्हणजे तो बाहुली किंवा देवमूर्ति असा घेण्यापूर्वीं वाचकानें थोडें थांबावें. आम्ही स्वतः एका मोडी यादींत 'पुतळ्या बारा' असें वाचून त्या घरांत बारा मूर्तींचें देवघर असल्याचें टिपून ठेविलें होतें. यादी लग्नांतील दागिन्यांची आहे हें वरच्या ओळींत स्पष्ट लिहिलेलें असतांहि.

नाणें गळ्यांत जावें ह्यांत आपणांस नवल वाटूं नये. वेदांतील निष्क हें प्रथम गळ्याचें भूषण आहे. ऋग्वेदांत 'निष्कग्रीव' असें विशेषण येतें. पुढें पाणिनीच्या काळीं निष्कानें वस्तु विकत घेतां येत होती. निष्क गळ्यांतून बाजारांत गेला, पुतळी बाजारांतून गळ्यांत आली. परदेशी नाण्याचें नांव सामावून घेणें हेंहि आपल्याकडे नवें नाहीं. दीनार हा शब्द रोमन 'देनारिउस' वरून, द्रम्म हा ग्रीक 'द्राख्मे' वरून. आणि उलट दिशेनें आपला 'प्रताप' गोव्याच्या पोर्तुगिजांच्या तोंडीं 'परदाव' झाला. पुतळीस आणखी एक सोय होती. विजयनगरचा वराह, ज्यास आपण होन म्हणतों, तो सुमारें ३.४ ग्रॅमचा, म्हणजे साडेतीन मासे. पुतळी त्याहून केवळ गुंजभर जड. ज्या सराफाच्या हातास होनाची संवय होती, त्यास पुतळी परकी वाटली नसावी.

आतां अठरावी. तिच्यावर ज्या कायद्याचा उल्लेख आहे तो ज्या साम्राज्याचा, तें पवित्र रोमन साम्राज्य म्हणजे त्या काळची जर्मनी. बादशहा एक, पण त्याच्या खालीं राजे, बिशप, मठाधिपति व स्वतंत्र शहरें मिळून शेंकडों सत्ता, आणि त्यांतील पुष्कळांची स्वतःची टांकसाळ. उत्तर मराठेशाहींत गांवोगांव पडणाऱ्या रुपयांचा बट्टा ज्यांनीं जुन्या जमाखर्चांत पाहिला आहे, त्यांस ह्या स्थितीचें अधिक वर्णन नको. बादशहास निवडणाऱ्या सात निर्वाचक राजांस इ. स. १३५६ च्या 'सुवर्णमुद्रांकित' सनदेनें सोनें व रुपें पाडण्याचा अधिकार पक्का करून दिला. त्यांपैकीं ऱ्हाईन नदीकांठचे चौघे, म्हणजे माइन्झ, ट्रियर व कोलोन येथील आर्चबिशप आणि पॅलाटिनेटचा राजा, ह्यांनीं इ. स. १३८६ त आपसांत करार करून एकाच तोलाचें नाणें पाडण्यास आरंभ केला. हा ऱ्हेनिश सुवर्णगुल्डेन. मूळ नमुना फ्लॉरेन्सच्या फ्लोरिनाचा; तें नाणें इ. स. १२५२ चें, म्हणजे व्हेनिसच्याहून बत्तीस वर्षांनीं वडील.

व्हेनिसचें सोनें जसें टिकलें तसें ऱ्हाईनचें टिकलें नाहीं. ऱ्हाईनच्या वाळूंत सोन्याचे कण सांपडत, आणि आमच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांत सोनझरी लोक नद्यांची वाळू धुऊन जसें सोनें काढीत तसें तेथेंहि काढीत. पण तेवढ्यावर चार टांकसाळी चालत नाहींत. सोनें व्यापारांतून यावयाचें, आणि तें महाग झालें कीं राजे कस उतरवून वेळ मारून नेत. चोवीस कॅरट म्हणजे शुद्ध सोनें असें धरिलें तर कराराच्या वेळीं गुल्डेन तेवीस कॅरटांचा होता. पुढील शतकाच्या पूर्वार्धांत तो एकोणीसावर आला, आणि शतक संपतां संपतां साडेअठरावर स्थिरावला. म्हणजे ल्यूथर विद्यार्थी होता तेव्हां त्याच्या देशाच्या मुख्य सुवर्णनाण्यांत चौथ्या हिश्शास थोडें कमी इतकें हीण होतें. नाण्यावर संतांचीं चित्रें आणि राजांचीं ढालचिन्हें मात्र पूर्ववत् होतीं.

ह्याच नाण्यानें इतिहासांत एक विलक्षण काम केलें. ब्रांडेनबर्गच्या राजघराण्यांतील आल्ब्रेख्ट हा इ. स. १५१४ त माइन्झचा आर्चबिशप झाला. त्याच्याकडे माग्डेबुर्गचें आर्चबिशपपद आधींच होतें. दोन्ही पदें एका हातीं ठेवण्याच्या परवानगीसाठीं व नियुक्तीसाठीं रोमला जी रक्कम भरावयाची ती त्यानें ऑग्सबर्गचा सावकार याकोब फुग्गर ह्याजकडून कर्जाऊ घेतली. आंकडा २९,००० गुल्डेनांचा सांगतात. कर्ज फेडण्यासाठीं पोपानें त्याच्या प्रांतांत क्षमापत्रें विकण्यास मुभा दिली. निम्मा पैसा रोमच्या संत पीटर मंदिराच्या बांधकामास, निम्मा कर्जास. विक्रेत्यांस जी लेखी सूचना होती तींत दरहि ठरविले होते. राजे, राण्या व बिशप ह्यांनीं निदान २५ ऱ्हेनिश सुवर्णगुल्डेन द्यावे, कारागिरानें १ द्यावा, आणि ज्याजवळ कांहींच नाहीं त्यानें प्रार्थना व उपास ह्यांवर भागवावें. माइन्झचा आर्चबिशप हा त्या चार नाणें पाडणाऱ्या सत्ताधीशांपैकींच एक. ज्याच्या नांवें गुल्डेन पडे, तोच तो क्षमापत्रांच्या पेटींत परत गोळा करीत होता. ल्यूथरनें ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं आपलीं पंचाण्णव वचनें एका पत्रासह पाठविलीं तीं ह्या आल्ब्रेख्टासच. (व्हेनिसचा डुकाटाचा ठरावहि ३१ ऑक्टोबरचाच, योगायोगापलीकडे त्यांत कांहीं नाहीं, पण तारखा जुळल्या कीं आमच्यासारख्यांस तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.) दोन वर्षांनीं पांचव्या चार्ल्सची बादशाही निवडणूक झाली, तींत निर्वाचकांस खूष करण्यास सुमारें साडेआठ लक्ष गुल्डेन लागले, आणि त्यांतील साडेपांच लक्षांच्या जवळपास फुग्गरानें पुरविले.

येथें एक गैरसमज टाळिला पाहिजे. ल्यूथरला आश्रय देणाऱ्या सॅक्सनीच्या राजाची संपत्ति सोन्याची नव्हती. ती श्नेबर्ग व आनाबर्ग येथील रुप्याच्या खाणींची होती. आणि बोहेमियाच्या सरहद्दीवरील योआखिम्सथाल येथें इ. स. १५२० च्या सुमारास जीं मोठीं रुपेरी नाणीं पडूं लागलीं त्यांपासूनच थालर, व पुढें डॉलर, हा शब्द निघाला. रुप्याच्या ह्या पुरानें गुल्डेन ह्या नांवाचीहि गंमत करून टाकिली. गुल्डेन म्हणजे सोन्याचा. पण लवकरच त्याच नांवाचें रुप्याचें नाणें व हिशेबांतील एकक रूढ झालें. म्हणून जर्मन कागदांतून रक्कम वाचणारानें तो गुल्डेन पिवळा कीं पांढरा हें आधीं पाहावें. होन व रुपये ह्यांची सरमिसळ झालेल्या आपल्या ताळेबंदांतहि हीच सावधगिरी लागते.

धर्मसुधारणेनें नाण्यावरील चित्रें एका रात्रींत बदललीं असें कोणास वाटेल, तर तसें झालें नाहीं. न्यूरेंबर्ग शहर इ. स. १५२५ त ल्यूथरच्या पक्षास मिळालें. देवळांतील संतांची पूजा बंद झाली. परंतु त्या शहराच्या सुवर्णगुल्डेनावर हातीं लोखंडी जाळी धरलेला संत लॉरेन्स पुढल्या शतकांतहि तसाच उभा राहिला. कारण उघड आहे. नाणें चालतें तें ओळखीवर, आणि परमुलखांतील सराफ संतास नमस्कार करीत नव्हता, त्यास ओळखीत होता. बदल झाला तो हळू, आणि चित्राकडून अक्षरांकडे. म्युन्स्टर शहर इ. स. १५३४ त पुनर्बाप्तिस्मावाद्यांनीं ताब्यांत घेतलें तेव्हां त्यांनीं खासगी मालकीचा पैसा रद्द केला, आणि तरीहि बायबलांतील वचनें कोरलेलीं नाणीं पाडलीं. सॅक्सनीच्या दरबाराचें ब्रीद, 'प्रभूचें वचन चिरकाल टिकतें' ह्या अर्थाचें, कालांतरानें नाण्यांवर चढलें. इ. स. १६१७ त धर्मसुधारणेस शंभर वर्षें झालीं तेव्हां योहान गेओर्ग ह्या सॅक्सनीच्या राजानें जीं स्मारकनाणीं पाडलीं, त्यांत सोन्याचीं डुकाटेंहि होतीं. एका बाजूस स्वतः तो, दुसऱ्या बाजूस ल्यूथरचा आश्रयदाता फ्रेडरिक, आणि कांठावर हें ब्रीद. त्याच्या आदल्या वर्षीं, इ. स. १६१६ त, राजमाता सोफिया हिनें आपल्या मुलांस नाताळची भेट म्हणून एक डुकाट पाडविलें. तें पुढें इतकें लोकप्रिय झालें कीं बारशाची भेट म्हणून दोनशें वर्षांवर त्याचे छाप निघत राहिले. कडी लावलेलीं जर्मन डुकाटें म्हणूनच पुष्कळ सांपडतात. पुतळी गळ्यांत घालणारे आपण एकटेच नव्हों.

ह्या वेळेपर्यंत सोन्याचें नाणें गुल्डेन न राहतां डुकाट झालें होतें, आणि तें झालें ऑग्सबर्ग येथें. इ. स. १५५५ त त्याच शहरीं साम्राज्याच्या सभेनें धर्माची तडजोड केली. जो ज्या मुलखाचा राजा, त्यानें तेथील धर्म कॅथलिक कीं ल्यूथरचा हें ठरवावें. चार वर्षांनीं, पहिल्या फर्डिनंड बादशहाच्या अमदानींत, तेथेंच नाण्याचा कायदा झाला. देवाच्या बाबतींत ज्यांनीं परस्परांस वेगळें राहूं दिलें, त्यांनीं सोन्याच्या बाबतींत सर्वांस एकच वजन घालून दिलें. कोलोनचा मार्क म्हणजे सुमारें २३४ ग्रॅम. एका मार्कांतून ६७ डुकाटें काढावीं, कस २३ कॅरट ८ ग्रेन (येथें १२ ग्रेनांचा एक कॅरट); आणि सुवर्णगुल्डेन ७२ काढावे, कस १८ कॅरट ६ ग्रेन. डुकाटाची किंमत १०४ क्रॉइत्सर, गुल्डेनाची ७५. ज्यांस हिशेबाची आवड आहे त्यांनीं करून पाहावा: डुकाट ३.४९ ग्रॅमचें व त्यांत शुद्ध सोनें ३.४४, गुल्डेन ३.२५ ग्रॅमचा व त्यांत शुद्ध सोनें अवघें २.५०. सभेनें गुल्डेन मोडीत काढिला नाहीं, पण त्याच्या शेजारीं खरें सोनें उभें केलें. हें वजन व हा कस त्यांनीं नव्यानें शोधून काढिला नव्हता. हंगेरीच्या क्रेम्नित्सा येथील खाणींच्या सोन्याचें नाणें दोनशें वर्षें जवळपास त्याच तोलानें बाजारांत मानानें चालत आलें होतें. बाजारानें आधींच दिलेला निकाल कायद्यानें लिहून काढिला एवढेंच. साम्राज्याचीं जीं मंडळें होतीं त्यांकडे नाण्यांच्या कसोटीचें काम सोंपविलें. खुर्द्याच्या बाबतींत हा बंदोबस्त इ. स. १६२० च्या सुमारास पार कोसळला. डुकाट मात्र ढळलें नाहीं.

मग जर्मन सोनें आपल्याकडे आलें कां नाहीं? जर्मन माणसें तर फार लवकर आलीं. इ. स. १५०५ त आल्मेदाच्या पोर्तुगीज आरमारांत ऑग्सबर्ग व न्यूरेंबर्ग येथील सावकारांनीं ३६,००० क्रुझाद गुंतविले होते. वेल्झर पेढीचा गुमास्ता बाल्थाझार स्प्रेंगर त्यांबरोबर होता, व त्यानें त्या प्रवासाचें वृत्त पुढें छापविलें. तें आरमार कारवारजवळील अंजदीव बेटावर थांबलें व तेथें किल्ला बांधिला. हें बेट आज गोवा राज्यांत मोडतें. शतकाच्या अखेरीस फुग्गर व वेल्झर ह्यांचा मुनीम फेर्डिनंड क्रोन गोव्यांत राहून मिऱ्यांचा व्यापार पाहत होता. परंतु ह्या सावकारांचा जो माल पूर्वेकडे आला तो तांबें. नामिबिया देशाच्या किनाऱ्यावर इ. स. २००८ त एक बुडालेलें पोर्तुगीज गलबत सांपडलें, तें इ. स. १५३३ त हिंदुस्थानाकडे निघालेलें 'बोम जेझूस' असावें असें बहुतेक विद्वान मानतात. त्यांत फुग्गरांचें त्रिशूळचिन्ह असलेल्या तांब्याच्या लगडी कित्येक टन होत्या, आणि दोन हजारांवर सोन्याचीं नाणीं होतीं. तीं नाणीं बहुतेक स्पेनचीं, कांहीं पोर्तुगालचीं, थोडीं इटलीचीं. गुल्डेनानें गंगा, गोदा किंवा वैनगंगा पाहिली नाहीं ह्याचें कारण आमच्या मतें त्याच्या कसांतच आहे. आपला सराफ कसोटीचा दगड पाहतो. त्यास संत लॉरेन्सची ओळख नव्हती.

कायदा मात्र आला, आणि तो दुसऱ्याच्या नाण्यावर चढून आला. नेदरलंड्सच्या सात प्रांतांनीं स्पेनच्या राजाविरुद्ध शस्त्र उचललें तेव्हां त्यांस परदेशांत चालेल असें सोन्याचें नाणें हवें होतें. राजाचें मुख घालण्याची सोय उरली नव्हती; प्रॉटेस्टंट असल्यामुळें संतहि नको. इ. स. १५८६ त त्यांनीं जें डुकाट ठरविलें, त्याच्या एका बाजूस चिलखती वीर उभा केला, एका हातीं तलवार, दुसऱ्या हातीं बाणांची जुडी. एक बाण मोडतो, जुडी मोडत नाहीं. ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलासहि ठाऊक आहे. भोंवतीं सॅलस्ट ह्या रोमन इतिहासकाराकडून घेतलेलें वचन, कीं एकोप्यानें लहान सत्ता वाढतात. दुसऱ्या बाजूस चौकट, आणि चौकटींत पांच ओळींत संक्षिप्त लॅटिन अक्षरें. त्यांचा अर्थ: 'नेदरलंड्सच्या संयुक्त प्रांतांचें नाणें, साम्राज्याच्या कायद्याप्रमाणें.' शेवटचे शब्द 'आड लेगेम इंपेरी'. तो कायदा हाच, ऑग्सबर्गचा, इ. स. १५५९ चा. व्हेनिसच्या नाण्यास ख्रिस्त व संत मार्क साक्षी होते. ह्यास साक्षीदार म्हणून कायद्याचें कलम. इ. स. १६४८ त ते प्रांत साम्राज्याच्या कक्षेंतून बाहेर पडले, इ. स. १८०६ त साम्राज्यच संपलें, तरी पुढील राजांच्या डुकाटांवरहि 'साम्राज्याच्या कायद्याप्रमाणें' हे शब्द राहिलेच. दिल्लीच्या बादशहाचें नांव मराठ्यांच्या रुपयांवर किती काळ टिकलें हें ज्यांस ठाऊक आहे, ते ह्यास हंसणार नाहींत.

हॉलंडचे लोक, म्हणजे आपले वलंदेज, वेंगुर्ल्यास वखार घालून होते. बंगालच्या बाजूस चिनसुरा व बालासोर येथें त्यांच्या वखारी होत्या. ह्या घराण्यांत परंपरा अशी सांगतात कीं, माळेंतील कांहीं पुतळ्या भोसल्यांच्या कटकच्या स्वारींतून आल्या. गोंदिया जिल्हा इ. स. १९९९ पर्यंत भंडाऱ्याचा भाग होता. आणि भंडाऱ्याच्या जुन्या इंग्रजी बंदोबस्ताच्या अहवालांत, कटकच्या मोहिमेंतील चाकरीबद्दल भोसल्यांनीं पोवारांस वैनगंगेच्या खोऱ्यांत जमिनी दिल्या असें नमूद आहे. घराणें पोवारांचेंच आहे. परंपरेस एवढा आधार पुरे. त्यावर अधिक इमारत आम्ही उभारीत नाहीं.

आतां त्या रात्रीं आम्हीं काय पाहिलें तें सांगतों. अठरावीची कडी माथ्यावर डाक देऊन बसविली आहे, तीखालीं वीराचें मस्तक झांकलें गेलें आहे. वीराच्या दोहों बाजूंस सालाचे आंकडे असतात. डावीकडील १७ स्पष्ट आहे, उजवीकडील झिजले आहेत. चौकटींतील चौथी व पांचवी ओळ अखंड वाचतां येते, आणि आमच्या जुन्या वहींतील चित्रांत ज्यास आम्हीं आंकडे समजलों तीं हींच अक्षरें. कडीमुळें निव्वळ वजन घेतां आलें नाहीं. कसासंबंधीं धाकट्याचा संशय अगदींच निराधार नव्हता: ऑग्सबर्गच्या कायद्यानें हिच्यांत शंभरांत सुमारें दीड भाग हीण मान्य केलें आहे, व्हेनिसनें त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनहि कमी. शंभरांत एक भाग तो खरा होता. सतरा व्हेनिशियन पुतळ्यांपैकीं सहा आपल्याच सोनारांनीं केलेल्या प्रतिकृति आहेत. त्यांवर अक्षरांच्या जागीं नुसत्या उभ्या आडव्या रेघा आहेत, आणि डोजेच्या टोपीचा पागोट्याकडे झुकाव आहे. उरलेल्या अकरांवर डोजेचें नांव कमी अधिक वाचतां येतें. ह्या नाण्यांवर साल नसतें, नांवावरूनच काळ ठरवावा लागतो, आणि तेथें फसगत होते. चौघांवर आल्विसे मोचेनिगो हें नांव आहे. पण त्या नांवाचे चार डोजे झाले (१५७०–७७, १७००–०९, १७२२–३२, १७६३–७८), तेव्हां नांव वाचल्याबरोबर पुतळी अकबराच्या काळची ठरवूं नये. दोहोंवर शेवटचा डोजे लुडोविको मानिन ह्याचें नांव आहे, म्हणजे त्या इ. स. १७८९ पूर्वींच्या नव्हेत. माळ एका पिढीची नव्हे हें त्यावरूनच सिद्ध होतें.

आम्हीं हें सर्व तिघां भावांस समजावून सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें, चहा झाला. दुसऱ्या दिवशीं सोनार आला तेव्हां बारा पुतळ्या त्याच्या हवालीं झाल्या. थोरल्याच्या घरीं लग्न होतें आणि सोन्याचा भाव चढला होता; त्यापुढें डोजेंच्या नामावळीचें वजन किती पडणार? तोंपर्यंत रात्रभर बसून आम्हीं अठरांच्या दोन्ही बाजूंचे ठसे कागदावर घेतले होते. सहा पुतळ्या राहिल्या, प्रत्येकाकडे दोन. बाणवाली धाकट्यानें मागून घेतली. ठशांचा एक संच, त्याबरोबर आमच्या वहींतील तीस वर्षांपूर्वींच्या चित्राचें पान कापून, मंडळाच्या संग्रहाकडे पाठविला आहे.